उधळपट्टी, हौस की चंगळ? खर्चाच्या अतिरेकासाठी नेमका शब्द कसा निवडावा

एकाच खर्चाला तो करणारा हौस म्हणतो, बाहेरून पाहणारा उधळपट्टी म्हणतो आणि त्याचे हप्ते फेडणारा घरातला माणूस बहुधा तिसरेच काही म्हणतो. हाताबाहेर गेलेला खर्च आणि सुटलेले वागणे यांसाठी मराठीत शब्दांची वानवा नाही. तरीही मुंबईत गृहनिर्माण संस्थेच्या सभेसाठी निवेदन लिहिणारा सभासद, उत्सव मंडळाचा जमाखर्च मांडणारा खजिनदार, वर्तमानपत्राला पत्र पाठवणारा वाचक आणि बातमीला मथळा देणारा उपसंपादक या सर्वांच्या लेखणीत आधी एकच शब्द येतो, तो म्हणजे 'उधळपट्टी'. तो एकदा लिहिला गेला की पुढचा वाद खर्चावर न होता त्या शब्दावर होतो, आणि ज्याला उत्तर द्यायचे असते त्याला सुटायला वाट मिळते. हे टाळायचे असेल तर लिहिणाऱ्याने एक गोष्ट ध्यानात ठेवावी: या वर्गातल्या जवळजवळ प्रत्येक शब्दात एक आरोप असतो आणि प्रत्येकाचा आरोप निराळा असतो. म्हणून आपल्याला कोणता आरोप करायचा आहे आणि तो आपल्याला सिद्ध करता येईल का, हे आधी ठरवावे व मग शब्द शोधावा.

पैसा कोणाचा होता

रकमेआधी मालकी पाहावी. स्वतःच्या कमाईतून स्वतःवर केलेल्या खर्चाला, तो कितीही मोठा असला तरी, 'अपव्यय' म्हणण्याचा अधिकार परक्याकडे सहसा नसतो. अशा माणसाला फार तर 'खर्चीक' म्हणता येते, आणि त्याचा हा स्वभावच असल्याची खात्री असेल तर 'उडाऊ'. 'खर्चीक' हा सौम्य शब्द आहे. मात्र तो माणसालाही लागतो आणि वस्तूलाही, त्यामुळे 'खर्चीक वकील' असे लिहिल्यास वकिलांची फी जास्त आहे की त्यांचा स्वतःचा हात सैल आहे, हे वाचकाला कळत नाही. 'उडाऊ' म्हणजे ज्याच्याकडे आलेला पैसा टिकत नाही असा. एका दिवाळीच्या खरेदीवरून कोणी उडाऊ ठरत नाही. त्यासाठी सवय दाखवावी लागते. 'उधळ्या' त्याच्याही पुढचा, कारण त्यात साठवलेले किंवा वडिलोपार्जित संपवल्याची छटा येते. मराठी ख्रिस्ती समाजात लूककृत शुभवर्तमानातल्या दाखल्याला 'उधळ्या पुत्राचा दाखला' म्हणतात, आणि तिथे हा शब्द चपखल बसतो, कारण तो मुलगा वडिलांकडून वाटणी मागून घेतो व परदेशी जाऊन ती संपवून टाकतो. 'उडाणटप्पू' मात्र या रांगेतला नव्हे. तो रिकामटेकडा आणि बेजबाबदार असतो. उधळायला त्याच्याकडे पैसे असतीलच असे नाही.

स्वतःचा पैसा दुसऱ्याच्या किंवा सर्वांच्या कामासाठी वापरला तर त्या खर्चाला 'पदरमोड' म्हणतात, आणि खर्चाचा गौरव करणाऱ्या मोजक्या मराठी शब्दांत त्याची गणना होते. मंडळाच्या कार्यकर्त्यांनी पदरमोड करून रुग्णवाहिकेचे डिझेल भरले, हे वाक्य योग्य आहे. एखाद्या इच्छुक उमेदवाराने पदरमोड करून स्वतःच्याच वाढदिवसाचे फलक चौकाचौकांत लावले, हे वाक्य उपरोधाखेरीज चालणार नाही. 'सढळ हाताने' आणि 'मुक्तहस्ते' हे शब्दही असेच स्तुतीचे आहेत व तेही आपल्या मालकीच्या पैशाशी बांधलेले आहेत. वर्गणीतून जमलेल्या रकमेबद्दल 'सजावटीवर सढळ हाताने खर्च करण्यात आला' असे अहवालात लिहिणारा खजिनदार लोकांच्या पैशावर स्वतःचे औदार्य नोंदवत असतो, आणि बैठकीत एखादा ज्येष्ठ सभासद ते बरोबर पकडतो.

परक्याच्या पैशावरच्या औदार्यासाठी भाषेने दोन म्हणी दिल्या आहेत आणि त्या एकमेकींच्या जागी वापरू नयेत. 'आयजीच्या जिवावर बायजी उदार' ही म्हण यजमानपणाला लागते: समितीच्या खात्यातून पाहुण्यांचे चहापान, हारतुरे, शाली व श्रीफळे. 'हलवायाच्या घरावर तुळशीपत्र' ही दानाला लागते. दान देताना वस्तूवर तुळशीपत्र ठेवून आपला हक्क सोडण्याची रीत असल्यामुळे, जे मुळात आपले नाही ते दुसऱ्याला देऊन मोकळे होणे हा तिचा अर्थ आहे. संस्थेच्या आवारातली वाहन उभे करण्याची जागा सचिवांनी परस्पर कोणाला देऊन टाकली, तर तिथे ही दुसरी म्हण शोभते.

याच ओघात 'खैरात' आणि 'लयलूट' यांतला फरक सांगून टाकावा. दोन्हींत भरपूर वाटप आहे. परंतु 'सवलतींची खैरात' म्हणणारा टीका करतो, कारण घेणाऱ्याची पात्रता पाहिली गेली नाही असे त्यात सुचवलेले असते. 'सवलतींची लयलूट' म्हणणारा दुकानदार गिऱ्हाइकाला बोलावत असतो. निवडणुकीच्या बातमीत खैरात आणि दादरच्या साडीविक्रीच्या जाहिरातीत लयलूट, ही वाटणी बहुतेक वर्तमानपत्रे न सांगता पाळतात.

कर्जातून होणाऱ्या खर्चासाठी 'ऋण काढून सण' इतका पुरेसा शब्दप्रयोग आहे की त्यात भर घालण्याची गरज नाही. ज्याच्या घराचा, गाडीचा आणि फोनचाही ईएमआय चालू आहे त्याला उडाऊ म्हणण्याआधी मात्र विचार करावा. मुंबईतल्या घरांच्या किमती पाहता घराचे कर्ज ही चैन मानता येत नाही.

खर्चात नेमके काय चुकले

मालकी ठरली की दुसरा प्रश्न येतो. खर्च फार झाला, चुकीच्या जागी झाला, निष्फळ ठरला, की केवळ दाखवण्यासाठी झाला? या चारही तक्रारींना 'उधळपट्टी' म्हटले जाते आणि तिथेच निवेदनाची धार बोथट होते.

रक्कम फार झाली असेल तर 'भरमसाट' किंवा 'वारेमाप' म्हणावे. 'वारेमाप' हा शब्द मोजमापच केले गेले नाही असे सांगतो, म्हणून तो आश्वासनांना आणि स्तुतीलाही लागतो. 'बेसुमार' याचा शब्दशः अर्थ 'ज्याची गणती नाही असे', परंतु रूढीने तो उपसा, वृक्षतोड आणि गर्दी यांच्याकडे गेला आहे. बेसुमार खर्च चुकीचा नाही, पण वाचकाच्या मनात आधी विहीर किंवा जंगल येते. 'अवाच्या सवा' हा विक्रेत्याच्या बाजूचा शब्द आहे. मुसळधार पावसात लोकल गाड्या बंद पडल्यावर टॅक्सीवाला अवाच्या सवा भाडे मागतो. प्रवासी 'अवाच्या सवा खर्च करतो' असे मात्र म्हणू नये. आणि 'बेहिशेबी' हा शब्द तर खर्चाच्या आकाराबद्दल काहीच सांगत नाही. हिशेब दिलेला नाही एवढाच त्याचा अर्थ आहे; 'बेहिशेबी मालमत्ता' हा तपास यंत्रणांचा शब्द आहे, त्यामुळे 'लग्नात बेहिशेबी पैसा खर्च केला' असे भाबडेपणाने लिहिल्यास वधूपित्यावर काळ्या पैशाचा आरोप झालेला असतो.

खर्च चुकीच्या जागी झाला असेल तर त्यासाठी 'अनाठायी' हा विशेष उपयुक्त आणि दुर्लक्षित शब्द आहे. तो रकमेबद्दल तक्रार करत नाही. खर्च प्रामाणिक असेल, दर वाजवी असतील, कामही उत्तम झाले असेल, तरीही तो त्या ठायी व्हायला नको होता, एवढेच तो म्हणतो. आणि एवढे सिद्ध करणे तुलनेने सोपे असते. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० नुसार गृहनिर्माण संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत, घ्यावी लागते. ती येते नेमकी पावसाळ्याच्या अखेरीस, वरच्या मजल्यांवरच्या छतांना ओल आलेली असताना, आणि त्याच वर्षी समितीने प्रवेशद्वाराशी ग्रॅनाइट बसवलेला असतो. अशा वेळी सभासदाच्या निवेदनात साधारणपणे पुढील वाक्य असते:

'समितीने सभासदांच्या कष्टाच्या पैशाची उधळपट्टी चालवली आहे.'

या वाक्याला समिती तीन निविदा, कमीत कमी दराची निवड आणि पावत्यांची फाइल पुढे करून उत्तर देते, आणि उत्तर बिनतोड ठरते, कारण उधळपट्टीचा आरोप बेपर्वाईचा आहे व पावत्यांवरून ती दिसत नाही. आता हेच असे लिहून पाहावे:

'गच्चीच्या जलरोधक कामासाठी सभासदांनी दोनदा लेखी मागणी केलेली असताना व ते काम बाकी असताना, दुरुस्ती निधीतून प्रवेशद्वाराच्या सुशोभनावर केलेला खर्च अनाठायी होता, असे आमचे मत आहे.'

दुसऱ्या वाक्यात राग कमी आहे असे नाही. त्याचा रोख बदलला आहे. आता पावत्या दाखवून भागत नाही. गच्चीच्या आधी प्रवेशद्वार का, या प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते आणि इतिवृत्तात ते नोंदवावे लागते.

शब्द निवडताना अडखळायला झाले तर एक सोपी कसोटी लावावी. खर्च करणाऱ्याला आपण काय सल्ला दिला असता, हे स्वतःला विचारावे. 'जरा हात आखडता घ्या' असे म्हणालो असतो, तर तक्रार उधळपट्टीची आहे. 'आधी ते करा, मग हे' असे म्हणालो असतो, तर ती अनाठायी खर्चाची आहे. 'स्वतःला आवरा' असे म्हणालो असतो, तर विषय पैशाचा नसून चंगळीचा किंवा बेतालपणाचा आहे. आणि 'पैसे परत करा' असेच म्हणावेसे वाटत असेल, तर हा लेख बाजूला ठेवून लेखापरीक्षकांकडे जावे.

कारण 'अपहार', 'अफरातफर' आणि 'गैरव्यवहार' हे शब्द उधळपट्टीच्या वरच्या पायऱ्या नाहीत. ते निराळ्या जिन्यावर आहेत. उधळपट्टी हे बहुतांशी मत असते, अपहार हे गुन्ह्याचे नाव असते. पुरावा हाती नसताना कोणाविषयी ते लिहून प्रसिद्ध केल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली बदनामीची तक्रार होऊ शकते, आणि इमारतीच्या व्हॉट्सॲप गटावरचा संदेशही लिखाणच असतो. 'अपव्यय' हा यांच्या मधला, सभ्य आणि कागदोपत्री चालणारा शब्द आहे. त्यात बेपर्वाई आहे, चोरी नाही. सार्वजनिक निधीसंबंधीच्या निवेदनात तो सर्वांत सुरक्षित ठरतो.

खर्च निष्फळ ठरला असेल तर पाण्याच्या दोन वाक्प्रचारांत गल्लत होऊ देऊ नये. 'पाण्यासारखा पैसा ओतला' म्हणजे पुष्कळ खर्च केला. काम कदाचित उत्तम झाले असेल. 'पैसा पाण्यात गेला' म्हणजे हाती काही लागले नाही. रक्कम कदाचित लहान असेल. 'चुराडा' हा शब्द या दोन्हींना एकत्र करतो, मोठी रक्कम आणि निष्फळ, म्हणून मथळ्यांना तो आवडतो. पण प्रकल्प अजून चालू असताना चुराडा झाला असे म्हणता येत नाही, आणि ही घाई वर्तमानपत्रे वरचेवर करतात.

राहिला दिखाऊ खर्च. 'थाटमाट' यात दोष नाही. लग्न थाटामाटात झाले असे यजमानही म्हणतो आणि पाहुणाही. 'बार उडवून दिला' हे जरा सैल, पण कौतुकाचेच. 'डामडौल' म्हणताना बोलणारा एक पाऊल मागे सरून पाहू लागतो. 'बडेजाव' म्हणजे स्वतःचा मोठेपणा मिरवणे, त्यासाठी खर्च लागतोच असे नाही. 'भपका' सर्वांत कठोर, कारण बाहेर झगमगाट आणि आत पोकळी असे तो सांगतो. ज्या कुटुंबाची ऐपत आहे त्याच्या लग्नाला भपकेबाज म्हणणे रसिकतेवरची टीका होते, ज्याची ऐपत नाही त्याला म्हटल्यास 'बडा घर पोकळ वासा' ही म्हण आपोआप जोडली जाते. 'चमकोगिरी' हा शब्द फलकबाजीसाठी फार नेमका आहे; तथापि औपचारिक लेखनात तो अवतरणचिन्हांतच ठेवावा, सभेत बोलताना मात्र खुशाल वापरावा.

'उधळणे' या क्रियापदाविषयी थोडे अधिक

हे क्रियापद समजले की निम्मे काम झाले. बैल उधळतो तेव्हा तो दावे तोडून सैरावैरा धावतो; आपण गुलाल उधळतो तेव्हा मूठ उघडून तो चौफेर फेकतो. जनावराचे सुटणे आणि मुठीतले सोडणे या दोन्ही गोष्टी एकाच शब्दात असल्यामुळे मराठीत पैसे उधळणारा माणूस आपोआप सुटलेलाही ठरतो. पैशाच्या आणि वर्तनाच्या बेशिस्तीची ही सांधेजोड आपल्या भाषेत इतकी मुरलेली आहे की ती लिहिणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. म्हणून एखाद्या सभ्य, संयमी गृहस्थाने मुलीच्या लग्नात ऐपतीबाहेर खर्च केला असेल, तर 'पैसे उधळले' असे लिहिण्याने त्याच्यावर दुहेरी अन्याय होतो. तिथे 'ऐपतीबाहेर खर्च केला' हेच साधे वाक्य बरे.

उधळण्यात नेहमी दोषच असतो असेही नाही. जेजुरीला भंडारा उधळतात, लालबागला विसर्जनाच्या मिरवणुकीत गुलाल उधळतात, आणि तिथे हातचे राखणे हाच दोष मानला जातो. 'उधळण' हे नाम हा चांगला अर्थ जपते: रंगांची उधळण, सुरांची उधळण. 'उधळपट्टी' हे नाम फक्त दोषाचे. म्हणून रंगांची उधळपट्टी म्हणणारा समीक्षक चित्रकारावर टीका करत असतो, आणि त्याला तसे करायचे नसेल तर त्याने शब्द तपासावा. 'स्तुतिसुमने उधळणे' यात किंचित खोटेपणा आला आहे; 'मुक्ताफळे उधळणे' तर आता निव्वळ उपरोधानेच वापरतात.

या क्रियापदाचे वजन किती आहे, हे मुंबईच्या डान्सबारांच्या प्रदीर्घ खटल्यांतून दिसून आले. राज्याने २००५ मध्ये घातलेली बंदी न्यायालयात टिकली नाही, त्यानंतर २०१६ मध्ये नवा कायदा झाला, आणि १७ जानेवारी २०१९ रोजी त्यावर निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने नर्तिकांना बक्षिसी देण्यास मुभा ठेवली. त्यांच्यावर नोटा व नाणी उधळण्यावरील बंदी मात्र कायम ठेवली. रक्कम तीच असू शकते, देणारा आणि घेणारी तीच असू शकतात. फरक हाताच्या हालचालीत आहे, आणि त्या हालचालीत घेणाऱ्या व्यक्तीची प्रतिष्ठा राहते की जाते, हा कायद्याचा मुद्दा होता. तमाशातली 'दौलतजादा' हीदेखील नर्तकीला किंवा गायिकेला पैसे देण्याचीच पद्धत, परंतु तिला फर्माईश, देणे आणि स्वीकारणे असा रिवाज आहे. त्यामुळे संगीतबारीवर लिहिताना दौलतजादा या शब्दाऐवजी सरसकट 'पैसे उधळतात' असे लिहू नये. त्या कलेतल्या माणसांचा स्वतःचा शब्द उपलब्ध असताना बाहेरचा, हिणवणारा शब्द लादण्याचे कारण नाही.

हौस, चैन, चंगळ आणि विलास

स्वतःच्या सुखासाठी केलेल्या खर्चाची मराठीत एक उतरंड आहे. वर 'हौस'. हौसेला मोल नसते असे आपण म्हणतो, म्हणजे हिशेब मागण्याचा हक्कच सोडून देतो. डोहाळजेवण, बारसे, नव्या घराची वास्तुशांत यांवरचा खर्च हौशीखाली जातो आणि तिथे लेखनात टीका आणायची असेल तर फार जपून आणावी. त्याखाली 'चैन'. ती करणाऱ्याला ठाऊक असते की हे गरजेचे नाही, आणि ती अधूनमधून केलेली असते: महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळ्यांनी मिळून बाहेर जेवणे. चैन रोजची झाली की 'चैनबाजी' होते, आणि '-बाजी' हा प्रत्यय लागला की कौतुक संपते. 'चंगळ' गमतीची आहे. मुलांची सुट्टीत चंगळ झाली, यात निर्मळ आनंद आहे. ठेकेदाराची चंगळ झाली, यात संताप आहे. कोणाच्या नावापुढे तो शब्द ठेवला यावर सारे अवलंबून आहे. 'चंगळवाद' मात्र पूर्णपणे टीकेचा शब्द, आणि तो व्यक्तीला लावण्याचा नसून समाजाच्या प्रवृत्तीला लावण्याचा आहे. शेजाऱ्याने मोठा टीव्ही घेतला म्हणून तो चंगळवादी होत नाही.

'ऐषआराम' आणि 'विलास' या शब्दांत खर्चापेक्षा जगण्याची रीत अभिप्रेत असते. विलासी माणूस आळसावलेला असतो, ऐषआरामी माणूस सेवेची अपेक्षा करतो. दोघेही कदाचित कर्जबाजारी नसतील. 'छानछोकी' कपडे व प्रसाधनापुरती मर्यादित आहे.

इथे एक तक्रार नोंदवणे आवश्यक वाटते. महागडी घड्याळे घेणाऱ्या पुरुषाला आपण 'शौकीन' म्हणतो, मित्रांवर खर्च करणाऱ्याला 'दिलदार' म्हणतो. तेवढाच खर्च बाईने स्वतःच्या पगारातून केला तर छानछोकी, नखरे, नटणेमुरडणे असे शब्द निघतात. संपादन करताना वाक्यातील व्यक्तीचे लिंग बदलून वाचावे. शब्द तसाच शोभत असेल तर ठेवावा, खटकत असेल तर तो खर्चाविषयी बोलत नव्हता असे समजून काढून टाकावा.

लगाम सुटल्याचे शब्द

पैशाशी संबंध नसलेल्या असंयमासाठी 'बे-' या फारसी उपसर्गाचे शब्द आपण सर्रास वापरतो आणि ते एकमेकांत मिसळतो. त्यांच्या जोड्या रूढीने ठरलेल्या आहेत. वक्तव्य 'बेताल' असते, आरोप आणि गोळीबार 'बेछूट' असतात, जमाव आणि वेग 'बेफाम' असतात, वाहनचालक 'बेदरकार' असतो. 'बेलगाम' या सर्वांना थोडाथोडा लागतो आणि म्हणूनच सर्वांत पुसट आहे. बेदरकार म्हणजे ज्याला परिणामांची फिकीर नाही असा, त्यामुळे पश्चिम द्रुतगती महामार्गावरच्या अपघाताच्या बातमीत चालकाला बेदरकार म्हणणे हा त्याच्या मनोवृत्तीविषयीचा निष्कर्ष आहे. गाडीचे ब्रेक निकामी झाले होते का, हे कळेपर्यंत 'भरधाव' या शब्दावर थांबावे.

संस्कृतातून आलेल्या शब्दांत 'स्वच्छंद' निर्दोष आहे, 'स्वैर' मधला आहे आणि 'उच्छृंखल' सदोष. स्वैर अनुवाद म्हणण्यात काही वावगे नाही, परंतु 'स्वैराचार' म्हटले की वाचक थेट चारित्र्याकडे जातो. जिथे तसे म्हणायचे नसते, उदाहरणार्थ प्रशासनातल्या मनमानीबद्दल लिहिताना, तिथे 'मनमानी' किंवा 'अनिर्बंध कारभार' लिहावे. 'अनावर' यात दोषच नाही. अश्रू अनावर झाले याबद्दल कोणी कोणाला बोल लावत नाही.

मराठीची खरी श्रीमंती मात्र अशा शब्दांत आहे जे बहुधा नकारात भेटतात. खर्चाला 'धरबंध' नाही, वागण्याचे 'ताळतंत्र' सुटले, बोलण्याला 'तारतम्य' नाही, माणसाला 'पाचपोच' नाही. धरबंध वाहून जाणाऱ्या गोष्टीला लागतो, म्हणून तो खर्चाला शोभतो. ताळतंत्र वर्तनाचे. तारतम्य म्हणजे कमीजास्त ओळखण्याची बुद्धी, आणि पाचपोच म्हणजे प्रसंग व नाती ओळखून वागण्याची रीत. शोकसभेत स्वतःच्या यशाचे पाढे वाचणाऱ्या वक्त्याला बेताल म्हणणे ढोबळ आहे. त्याला पाचपोच नाही, हे नेमके.

याशिवाय तीन क्रियापदे अशी आहेत, जी बिघडलेल्याबरोबर बिघडवणाऱ्यालाही पकडतात. मूल 'शेफारते' ते कोणीतरी लाड केल्यामुळे. माणूस 'चटावतो' तो एकदा चव मिळाल्यामुळे. आणि 'सोकावतो' तो वेळीच कोणी न अडवल्यामुळे. म्हातारी मेल्याचे दुःख नाही, काळ सोकावतो, या म्हणीतही तीच भीती आहे. रस्त्याची कामे न तपासता देयके मंजूर होत असतील, तर 'ठेकेदार सोकावले आहेत' या तीन शब्दांत ठेकेदारही येतो आणि सही करणारा अधिकारीही येतो.

कर्ता आणि आकडा

शब्द नेमका निवडूनही वाक्यरचनेमुळे आरोप हवेत विरतो. 'सुशोभनावर मोठा निधी खर्ची पडला' या वाक्यात निधी स्वतःच्या पायांनी चालत जाऊन खर्ची पडल्यासारखा वाटतो. सरकारी टिपणात ही रचना मुद्दाम वापरतात. तक्रार करणाऱ्याने तरी कर्ता लिहावा: कोणत्या समितीने, कोणत्या ठरावाने, कोणत्या निधीतून.

आकड्याशिवाय विशेषणे वापरू नयेत, आणि आकडा एकटाही सोडू नये. 'कोट्यवधींची उधळपट्टी' हा मथळा मुंबईत जवळजवळ निरर्थक आहे, कारण बृहन्मुंबई महानगरपालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्पच ७४,४२७ कोटी रुपयांचा होता. त्यात ५ कोटींचा खर्च म्हणजे शंभर रुपयांतला एक पैसाही होत नाही. याचा अर्थ ५ कोटींकडे काणाडोळा करावा असा नव्हे. तेवढ्या पैशात त्याच प्रभागातले कोणते काम झाले असते, हे शेजारी मांडले तर तोच आकडा बोलू लागतो, आणि मग 'उधळपट्टी' हा शब्द लिहिण्याची गरज पडतेच असे नाही. मंडळाच्या जमाखर्चालाही हेच लागू आहे: सजावटीचा खर्च जमा वर्गणीच्या किती हिस्सा झाला आणि आदल्या वर्षी किती होता, हे दोन आकडे पुरतात.

कोश आणि लेखननियम

शंका आली तर दोन कोश हाताशी ठेवावेत. मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ मध्ये मुंबईतच प्रसिद्ध झाली. जुन्या बोलीतल्या छटा त्यात फार चांगल्या टिपल्या आहेत, पण त्यातला अर्थ आजही तसाच आहे असे गृहीत धरू नये. दाते आणि कर्वे यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' १९३२ ते १९३८ या काळात सात खंडांत निघाला व १९५० मध्ये त्याची पुरवणी आली. वाक्प्रचार व म्हणी यांसाठी तो अधिक उपयोगी आहे. दोन्ही कोश आंतरजालावर विनामूल्य शोधता येतात. 'वेच' या शब्दाखाली तिथे खर्च हा अर्थ सापडतो, आणि संतांच्या अभंगांत तो अर्थ ठाऊक नसल्यास वाचक 'वेचणे' म्हणजे गोळा करणे असे समजून नेमके उलटे वाचतो.

लेखनाच्या चुका मोजक्याच होतात. 'खर्चीक' यातली वेलांटी दीर्घ आहे, कारण तो 'आर्थिक' किंवा 'सामाजिक' यांसारखा संस्कृतातून जसाच्या तसा आलेला शब्द नाही. 'उच्छृंखल' हा 'उत्' आणि 'शृंखला' यांच्या संधीने बनतो. 'उश्रृंखल' हे छापून येणारे रूप चुकीचे आहे. 'भरमसाट' यात शेवटी ट आहे, ठ नाही. 'ऐषआराम', 'ऐषाराम' आणि 'ऐशआराम' अशी तिन्ही रूपे छापील मजकुरात दिसतात. एका लेखात त्यांतले एकच ठेवावे.